‘चालत नाही’ या दोन शब्दांचा हिशेब



संघटनेच्या कार्यकर्त्याला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो पगार, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. आमचा आजचा विषय वरवर पाहता निराळा आहे; परंतु मुळाशी गेलात तर तो आमच्या रोजच्या धंद्याचाच आहे. तो विषय म्हणजे तक्रार. मोबाईलमध्ये, रेशन दुकानातल्या यंत्रात आणि कचेरीतल्या संगणकात आता आपला निम्मा संसार जाऊन बसला आहे. त्या यंत्राच्या आतल्या आज्ञावलीत, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो त्यात, दोष आढळला तर तो कळवायचा कसा, एवढाच प्रश्न आज आम्ही घेतला आहे.

आमचे शिक्षण कोणत्याही कॉलेजात झालेले नाही. जे काही झाले ते रात्रीच्या शाळेत, संघटनेच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा संगणकशास्त्र शिकवण्याचा आव आम्ही आणणार नाही. पण तक्रार कशी लिहिली म्हणजे टिकते आणि कशी लिहिली म्हणजे टोपलीत जाते, याचा अनुभव आमच्यापाशी पुष्कळ आहे.

आपल्याकडे यंत्राबद्दलच्या सगळ्या तक्रारी दोन शब्दांत मावतात: ‘चालत नाही’. अ‍ॅप चालत नाही, मशीन चालत नाही, साइट चालत नाही. पलीकडच्या माणसाचे उत्तरही ठरलेले असते: ‘सर्व्हर डाऊन आहे’. हा एक प्रकारचा नमस्कार-चमत्कारच झाला. दोघेही बोलतात, आणि कोणी कोणाला काहीच सांगत नाही.

रेशनच्या दुकानातले उदाहरण घ्या. तिथे रोजचे वाक्य आहे, ‘अंगठा लागत नाही’. आता या एका वाक्याच्या पोटात किती निरनिराळ्या गोष्टी आहेत ते मोजू. पहिली, बोटावरच्या रेषाच झिजलेल्या असतात. जाळी विणणाऱ्याच्या, मासळी साफ करणाऱ्या बाईच्या, सिमेंट कालवणाऱ्या बिगाऱ्याच्या बोटाला यंत्राला हवी तशी रेषा उरतेच असे नाही. दुसरी, यंत्राच्या काचेवर ओल किंवा मीठ साचलेले असते. तिसरी, यंत्राला रेंज नसते. चौथी, रेंज असते, पण दूरचा सर्व्हर वेळेत उत्तर देत नाही. पाचवी, आधार क्रमांक शिधापत्रिकेला जोडलेला नसतो किंवा जोडताना आकडा चुकलेला असतो. सहावी, नावच यादीतून गेलेले असते. या सहाही प्रसंगी बाई रिकामी पिशवी घेऊन घरी जाते आणि सांगते एकच, की अंगठा लागला नाही. परंतु इलाज सहा आहेत आणि इलाज करणारी माणसेही वेगळी आहेत. काच पुसणे हे दुकानदाराचे काम, दुरुस्त नोंद करणे हे तालुक्याच्या पुरवठा शाखेचे काम, आणि झिजलेल्या बोटासाठी ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग ठेवणे हे आज्ञावली करणाऱ्याचे आणि करवून घेणाऱ्याचे काम. तक्रार मोघम राहिली की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि बाईचे बोट तसेच राहते.

मग यंत्राच्या पडद्यावर काय आले होते, हे कोणी पाहिले होते का? बहुधा नाही. आलेला संदेश इंग्रजीत असतो, तो दोन क्षणांत जातो, आणि दुकानदार म्हणतो, ‘मावशी, उद्या या.’ तो संदेश हाच खरा पुरावा होता.

हा पुरावा किती मोलाचा असतो याची एक गोष्ट परदेशातली आहे. कॅनडात तयार झालेले थेरॅक-२५ नावाचे किरणोपचाराचे एक यंत्र होते. कर्करोगाच्या रुग्णांना त्यातून किरण देत. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात उत्तर अमेरिकेत या यंत्राने सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेहून कितीतरी पट अधिक किरण दिले. त्यांतले काही त्यामुळेच दगावले. टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयात मार्च १९८६ मध्ये असा अपघात झाला तेव्हा पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढाच मजकूर उमटला. या ५४ चा अर्थ काय, हे यंत्र चालवणाऱ्यांच्या पुस्तिकेत दिलेलेच नव्हते. कंपनीच्या लोकांनी यंत्र तपासले. त्यांना काही सापडेना. यंत्र पुन्हा सुरू झाले. एप्रिलमध्ये दुसरा अपघात झाला, पुन्हा तोच ५४.

यावेळी रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र चालवणाऱ्या बाईंना बरोबर घेतले आणि दोघांनी मिळून तो प्रसंग जसाच्या तसा पुन्हा घडवण्याचा प्रयत्न चालवला. बाईंना आपण काय केले ते नीट आठवत होते: उपचाराच्या प्रकाराचे एक अक्षर चुकून दुसरेच टाइप झाले, त्या मागे गेल्या, अक्षर सुधारले आणि पुढचा मजकूर झरझर पुरा केला. पुष्कळ खटपटीनंतर उलगडा झाला. सगळी मेख त्या ‘झरझर’मध्ये होती. दुरुस्ती सुमारे आठ सेकंदांच्या आत केली तर पडद्यावर ती दिसे, पण यंत्राच्या आतल्या मांडणीपर्यंत ती पोचत नसे. हात बसलेली कामगार बाईच इतक्या वेगाने काम करू शकत होती. सावकाश टाइप करणाऱ्या तज्ज्ञाला तो दोष दिसणेच कठीण होते.

मंडळी, या गोष्टीत आमच्या मते सगळा विषय आला. यंत्र ज्याने बांधले त्याला जे दिसले नाही, ते रोज यंत्र चालवणाऱ्याच्या बोटांना माहीत होते. तेव्हा ‘आम्ही अडाणी, आम्हांला त्यातले काय कळते’ हे म्हणणे सोडून द्या. आत काय बिघडले ते तुम्हांला कळणार नाही, आणि कळण्याची गरजही नाही. बाहेर काय घडले ते मात्र तुमच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते.

आता तक्रारीत काय काय असावे, ते सांगतो. आम्ही संघटनेच्या वहीत पाच प्रश्न लिहून ठेवले आहेत, तेच येथे देतो.

पहिला प्रश्न: तुम्ही काय करीत होता? पायरीपायरीने सांगा. कोणते बटण दाबले, मग काय भरले, मग कुठे गेलात. ‘फॉर्म भरत होतो’ हे पुरेसे नाही. ‘तिसऱ्या पानावर जन्मतारीख भरली आणि पुढे जा दाबले’ हे पुरेसे आहे.

दुसरा प्रश्न: काय व्हायला हवे होते? हा प्रश्न लोकांना खुळचट वाटतो. पण पुष्कळदा यंत्र त्याच्या समजुतीप्रमाणे बरोबरच वागत असते, आणि तुमची अपेक्षा निराळी असते. ती अपेक्षा लिहिली नाही तर वाचणाऱ्याला दोष दिसतच नाही.

तिसरा प्रश्न: प्रत्यक्षात काय झाले? पडद्यावरचा मजकूर शब्दाला शब्द उतरवून घ्या, आकडे असतील तर आकडे. इंग्रजी येत नसेल तर पडद्याचा फोटो काढा. दुसऱ्याच्या फोनने काढला तरी चालेल.

चौथा प्रश्न: कुठे, केव्हा आणि कशावर? फोन कोणता, अ‍ॅपची आवृत्ती कोणती, तारीख आणि वेळ काय, रेंज होती का. आपल्या किनाऱ्यावर तर हे फार महत्त्वाचे. जेट्टीवर एक तऱ्हा, डोंगराच्या आडोशाला दुसरी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या भागात वीज नव्हती आणि फोनही बंद होते. त्या दिवसांतल्या तक्रारीचा आणि निरभ्र दिवसातल्या तक्रारीचा अर्थ एक कसा असेल?

पाचवा प्रश्न: पुन्हा केले तर पुन्हा होते का, आणि दुसऱ्या कोणाला होते का? पुन्हा घडवून दाखवता येणारा दोष अर्धा दुरुस्त झाला असे समजा. कधी होतो आणि कधी होत नाही, असा दोष असेल तर तेही तसेच लिहा. न होण्याचे प्रसंग हीसुद्धा मोठी माहिती असते.

सायमन टॅथम या इंग्रज आज्ञावलीकाराने १९९९ साली याच विषयावर एक निबंध लिहिला आणि तो जगातल्या अनेक भाषांत गेला. त्याचा एक मुद्दा आम्हांला फार पटतो. तो असा, की पाहिलेले आणि ताडलेले यांची गल्लत करू नये. डॉक्टरकडे जाऊन ‘मला कावीळ झाली, इंजेक्शन द्या’ म्हणणारा रोगी आणि ‘चार दिवस भूक नाही, डोळे पिवळे दिसतात’ म्हणणारा रोगी, यांत डॉक्टरला उपयोगी कोण? तर्क करायला मनाई नाही. पण आधी लक्षण सांगा, आणि तर्क असेल तर तो तर्क आहे असे म्हणा. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हा तर्क आहे. ‘गोल चक्र दहा मिनिटे फिरत राहिले आणि मग पडदा पांढरा झाला’ हे लक्षण आहे.

आमच्या कामातला एक दाखला देतो. एका बंदरावर एका कंत्राटदाराने चेहरा दाखवून हजेरी लावण्याचे यंत्र बसवले. महिन्याभरात कामगार आमच्याकडे येऊ लागले.

“भाऊ, मशीन पगार खातंय.”

“कोणाचा?”

“सगळ्यांचाच.”

‘सगळ्यांचाच’ घेऊन कंत्राटदाराकडे गेलो असतो तर त्याने काय म्हटले असते, ते तुम्हांला ठाऊकच आहे. आम्ही एक साधी वही केली. प्रत्येकाने येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि यंत्राने दाखवलेली हजेरी रोज लिहायची. तीन आठवड्यांनी वही उघडून बसलो. खाडे पडले होते ते सगळ्यांचे नव्हते. दुसऱ्या पाळीला येऊन जादा काम करणाऱ्यांचे होते. त्यांतही रात्री बाराच्या आत सुटलेल्याचा एकही खाडा नव्हता. बारानंतर तारीख बदले. यंत्राच्या हिशेबी माणूस आदल्या दिवशी आला तो गेलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी न येताच गेला! दोन्ही दिवस बाद. वहीतली ती पाने पुढे ठेवली तेव्हा वादाला जागाच उरली नाही. कंत्राटदाराच्या संगणकवाल्या मुलाने ती पाहिली आणि त्याच दुपारी दोष काढला. बुडालेला पगार मिळवायला मात्र आम्हांला आणखी दोन महिने भांडावे लागले. पण तो दुसरा विषय आहे. ‘मशीन पगार खातंय’ ही भावना खरी होती. ‘बारानंतर सुटणाऱ्याचा खाडा पडतो’ ही तक्रार होती.

इथे एका मोठ्या धोक्याकडे तुमचे लक्ष वेधतो. यंत्र आणि माणूस यांच्या सांगण्यात फरक पडला तर आजकाल यंत्राला खरे मानतात. इंग्लंडात पोस्ट खात्याने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली आणली. गावोगावच्या छोट्या टपाल कचेऱ्या चालवणाऱ्या माणसांच्या हिशेबात तूट दिसू लागली. त्यांनी मदतीच्या फोनवर तक्रारी केल्या. त्यांतल्या अनेकांना सांगण्यात आले की, असा त्रास दुसऱ्या कोणाला नाही, फक्त तुम्हांलाच आहे. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसांना चोरी आणि खोट्या हिशेबासाठी दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरदार विकून न घेतलेले पैसे भरले, काहींनी जीव दिला. दोष प्रणालीत होता.

हे उघडकीस कसे आले? अ‍ॅलन बेट्स नावाच्या एका टपालवाल्याने आपली तक्रार सोडली नाही आणि आपल्यासारख्या इतरांना शोधून काढले. २००९ साली त्यांनी संघटना बांधली. पुढे ५५५ जण मिळून न्यायालयात गेले, डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा निकाल दिला, आणि २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ‘फक्त तुम्हांलाच’ हे वाक्य ऐकले की सावध व्हा. शेजाऱ्याला विचारा, पलीकडच्या गावाला विचारा. एकट्याची तक्रार म्हणजे कुरकुर ठरते. तीच दहा जणांनी तारखेवार लिहिली की तिला पुरावा म्हणावे लागते.

हे काम आपल्याकडे झालेले नाही असे नाही. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांचे उदाहरण आमच्या डोळ्यांपुढे आहे. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आले आणि बालकांची वजने, उंची, आहार यांच्या नोंदी त्यात भरायच्या ठरल्या. त्याआधी शासनाने दिलेले फोन जुने झालेले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी हे फोन हजारोंच्या संख्येने शासनाला परत केले. बातमी गाजली ती फोन परत केल्याची. आम्हांला मोल वाटते ते त्यांनी दिलेल्या कारणांचे. फोनची रॅम २ जीबी, तीत अ‍ॅप मावत नाही. फोन तापतो आणि अडतो. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी येतो. अ‍ॅप इंग्रजीत आहे आणि आम्ही मराठीत काम करतो. पाहा, प्रत्येक कारण वेगळे, तपासून पाहता येईल असे, आणि प्रत्येकावर एक नेमका इलाज आहे. पुढे ते अ‍ॅप मराठीसह अनेक भारतीय भाषांत आले आणि नव्या फोनांचाही निर्णय झाला. केवळ ‘अ‍ॅप नको’ म्हटले असते तर त्या कामचुकार ठरल्या असत्या.

तसेच २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हाचे. सगळीकडे एकच ओरड होती: ओटीपी येत नाही. पण त्या ओरडीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या. काहींचा ओटीपी खरोखरच अडकत होता. आणि काही बहिणींच्या पुढे प्रश्नच निराळा होता: अर्जात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला होता आणि दोघेही हयात नव्हते. ओटीपी येणार कोणाच्या फोनवर? पहिला दोष तारांचा. दुसरा दोष विचाराचा, कारण अर्ज आखताना विधवा आणि एकटी बाई कोणाच्या डोळ्यांपुढेच नव्हती. ही अडचण नेमकी मांडली गेली तेव्हाच मुदत वाढवताना अशा बहिणींसाठी वेगळी वाट सांगावी लागली.

आमच्या चळवळीचा जुना इतिहासही हेच सांगतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन केले. त्यात ‘आमचे फार हाल होतात’ एवढेच लिहिले नव्हते. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई. पाच ओळी, प्रत्येक ओळीला हो किंवा नाही म्हणावेच लागेल. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. सहा वर्षे लागली, पण मागणीचा शब्द बदलावा लागला नाही.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर सगळा बोजा पुन्हा गरिबावरच टाकल्यासारखे होईल. जो आज्ञावली करतो आणि जो तिच्यासाठी जनतेचा पैसा खर्च करतो, त्यांनी तक्रारीची जागा मराठीत आणि पहिल्या पानावर ठेवावी. बिघाडाचा संदेश वाचणाऱ्याला समजेल असा लिहावा. ‘५४’ लिहू नये. फोनची जात, आवृत्ती, वेळ ही माहिती यंत्र स्वतः गोळा करू शकते, ती कोळणीला विचारू नये. तिला बोलून तक्रार नोंदवता आली पाहिजे. आणि प्रत्येक तक्रारीला क्रमांक आणि उत्तर मिळाले पाहिजे. उत्तर येत नाही असे लोकांनी दोनदा पाहिले की तिसऱ्यांदा ते कळवत नाहीत, आणि मग वरचे अधिकारी म्हणतात की तक्रारी कमी झाल्या!

एक इशाराही देऊन ठेवतो. तक्रारीत पासवर्ड, ओटीपी आणि बँकेचा पिन कधीही देऊ नका, आणि पडद्याचा फोटो पाठवताना आधारचा आकडा झाका. तक्रार सोडवायला यांतले काहीही लागत नाही. जो मागतो तो दुरुस्ती करणारा नव्हे. तो तुमच्या खात्यावर टपलेला आहे.

दिघीपुरती आमची एक सूचना आहे. येथील माणसाला नेमके सांगणे शिकवावे लागत नाही. इंजिनाचा आवाज बदलला तर खलाशी मिस्त्रीला ‘बोट चालत नाही’ असे सांगत नाही. कोणत्या वेगाला, थंड असताना की तापल्यावर, धूर काळा की पांढरा, हे सगळे सांगतो. समुद्रात जाळे कुठे अडकले ते तांडेल काठावरच्या खुणा जुळवून सांगतो. हीच जीभ फोनच्या बाबतीत का अडखळते? कारण बोटीपुढे तो स्वतःला धनी समजतो आणि फोनपुढे अर्जदार. आता तर बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजनाही देशाच्या किनाऱ्यावर चालू आहे. वादळाचा इशारा ज्या यंत्रातून यायचा, त्या यंत्राबद्दल ‘चालत नाही’ एवढेच म्हणून भागणार नाही. तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

तेव्हा मच्छीमार सोसायटीत, रेशन दुकानात आणि ग्रामपंचायतीत एकेक वही ठेवा. पाच रकाने आखा, आम्ही सांगितलेल्या पाच प्रश्नांचे. शाळेतल्या वरच्या वर्गातील मुलांनी आठवड्यातून एकदा ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे ऐकून लिहावे. महिन्याच्या शेवटी सारख्या तक्रारी एकत्र करून, सह्या घेऊन, संबंधित कचेरीकडे पाठवा आणि पोच घ्या. पोच मिळाल्याखेरीज परत फिरू नका. वहीचा खर्च फार तर पन्नास रुपये येईल, आणि पहिली वही द्यायची आमच्या संघटनेची तयारी आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना ती हवी असेल त्यांनी व्यासपीठाजवळ येऊन नाव सांगावे.